टेंभुर्णी

पुणे–सोलापूर महामार्गावरच्या टेंभुर्णीचं नाव झाडाचं आहे. टेंभुर्णी म्हणजे तेंदू: काळपट, भेगाळ साल, गोड पिवळी फळं आणि वळलं तरी न तुटणारं चिवट पान. याच पानाची बीडी होते. पान भिजवून, साच्यावर कातरून, चिमूटभर जर्दा भरून वळायचं आणि दोरा बांधायचा. ‘बीडी’ मूळची इथलीच; संस्कृत ‘वीटिका’, म्हणजे विड्याच्या घरातली. आतली तंबाखू मात्र अमेरिकेची. कॅरिबियन बेटांवरचा शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडी ‘ताबाको’ झाला आणि पुढे आपल्याकडे ‘तंबाखू’. तिच्या धुळीत आयुष्य काढणाऱ्या सोलापूरच्या बीडी कामगार बायकांचे हात मला या व्युत्पत्तीपेक्षा मोलाचे वाटतात. कुंभारीजवळ त्यांनी लढून मिळवलेल्या वसाहतीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव आहे.