नागरिकशास्त्राचा तास

मुंबईतील साकीनाक्याच्या शाळेत होणाऱ्या नागरिकशास्त्राच्या तासाची पार्श्वभूमी अशी : १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत मिळाले, तेव्हा देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. त्यामुळे मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना प्रौढशिक्षणात अक्षरओळखीबरोबर हक्क आणि कर्तव्येही आली. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने लोकशाहीला लायक नागरिक घडवणे हे माध्यमिक शिक्षणाचे उद्दिष्ट ठरवले.

मुंबई महापालिकेची प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक १९४८ची. पण अंधेरी-कुर्ला पट्टा पालिकेच्या हद्दीत आला १९५० साली. म्हणजे या पट्ट्यातल्या साकीनाक्याला मुंबईचा नगरसेवक निवडण्याचा हक्क शहरानंतरच मिळाला. पुढे १९६७मध्ये बालभारती स्थापन झाली. तिच्या सध्याच्या सहावीच्या पुस्तकात स्थानिक शासन, सातवीत संविधान, आठवीत संसद, असा क्रम आहे. घराजवळच्या कारभारापासून सुरुवात करणारा हा क्रम मला फार योग्य वाटतो. मात्र चाळीतल्या नळाला पाणी आले नाही तर कुर्ल्याच्या ‘एल’ वॉर्ड कार्यालयात अर्ज कसा करायचा, हेही त्याच तासाला मुलांकडून लिहून घ्यायला हवे.
— संपादक