लॅटिनच्या दारात फ्रेंच



आमच्या परिचयातील एका मुलाने कॉलेजात फ्रेंच हा विषय घेतला, तेव्हा घरच्या मंडळींनी त्यास एकच प्रश्न केला : ‘याचा उपयोग काय?’ मुलगा हुशार होता. तो म्हणाला, ‘फ्रेंच ही युरोपातल्या सुसंस्कृत लोकांची भाषा आहे; राजेरजवाडे आणि वकिलाती शतकानुशतके त्या भाषेत बोलत आल्या.’ घरच्यांचे समाधान झाले की नाही हे आम्हांस ठाऊक नाही, परंतु आमच्या मनात त्यावरून निराळाच प्रश्न आला. ज्या भाषेचा एवढा दरारा, ती खुद्द पॅरिसच्या विद्यापीठात अभ्यासाचा विषय केव्हा झाली? विद्यापीठ पॅरिसचे, विद्यार्थी फ्रान्सचे. तेव्हा तेथे फ्रेंच पहिल्यापासूनच असणार, असे कोणीही म्हणेल. आम्हीही तसेच समजत होतो. वस्तुस्थिती अगदी वेगळी आहे.

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या तीरावर जो विद्यार्थ्यांचा मोहल्ला आहे, त्याला आजही ‘लॅटिन पेठ’ म्हणतात. रोबेर द सोरबों या धर्मगुरूने १२५७ च्या सुमारास गरीब विद्यार्थ्यांसाठी जे वसतिगृह काढले, त्यावरून सोरबोन हे नाव पडले, ते याच पेठेत. तेथे शिकवणे लॅटिनमध्ये, वाद लॅटिनमध्ये, परीक्षा लॅटिनमध्ये. बाजारात भाजीवालीशी बोलायचे ती फ्रेंच. चौथ्या हेन्रीच्या कारकीर्दीत, म्हणजे १६०० सालच्या सुमारास, विद्यापीठाचे नियम नव्याने बांधले गेले; त्यांतही विद्यार्थ्याने कॉलेजच्या आवारात देशभाषेत बोलू नये असे कलम आहे. आपल्याकडे पाठशाळेत संस्कृत आणि ओसरीवर मराठी असा प्रकार होता, तो ज्यांनी पाहिला किंवा ऐकला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

या लॅटिनच्या वेडाची थट्टा राब्ले याने जशी केली आहे तशी कोणीच केली नसेल. १५३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पांताग्र्युएल’ या त्याच्या पुस्तकात एक विद्यार्थी भेटतो. तो लिमूझँ प्रांतातला खेडवळ, पण पॅरिसला राहून आलेला. पांताग्र्युएल हा महाकाय राजपुत्र त्याला विचारतो, ‘बाबा, तुम्ही तेथे वेळ कसा घालवता?’ त्यावर हा पठ्ठ्या असे काही लॅटिनाळलेले फ्रेंच बोलू लागतो की ते धड लॅटिन नाही, धड फ्रेंच नाही. पांताग्र्युएल चिडून त्याची मानगूट धरतो, आणि जीव घाबरा होताच त्याच्या तोंडून आपल्या गावची खरीखुरी बोली बाहेर पडते! राब्ले स्वतः वैद्य होता, लॅटिन व ग्रीक यांत मुरलेला होता. तेव्हा ही थट्टा अडाण्याने विद्वानाची केलेली नव्हे.

त्याच सुमारास विद्यापीठाच्या भिंतींबाहेर फ्रेंच भाषा झपाट्याने वर येत होती. १५३९ साली पहिल्या फ्रान्सिस राजाने विलेर-कोत्रे येथे हुकूम काढला, की न्यायालयांचे निवाडे आणि दस्तऐवज यापुढे लॅटिनमध्ये नव्हे, फ्रेंच मातृभाषेत व्हावेत. दहा वर्षांनी, १५४९ साली, द्यु बेले या तरुण कवीने फ्रेंच भाषेच्या समर्थनाचा ग्रंथ लिहिला. १६३५ मध्ये रिशल्यूने चाळीस जणांची अकादमी स्थापली व १६९४ मध्ये तिचा कोश निघाला. परंतु मौज पाहा. ज्या पहिल्या फ्रान्सिसने न्यायालयात फ्रेंच आणली, त्यानेच १५३० साली राजाश्रयाने जे विद्यालय काढले (त्यालाच पुढे ‘कोलेज द फ्रान्स’ म्हणू लागले), त्यात प्रथम अध्यापक नेमले ते ग्रीक आणि हिब्रू यांचे! कोर्नेय, मोलिएर, रासीन यांची नाटके गाजत होती त्या काळातही कॉलेजातला मुलगा सिसेरोच घोकत होता. रोलँ हा पॅरिस विद्यापीठाचा एकेकाळचा कुलगुरू. १७२६ पासून त्याने अध्ययन-अध्यापनावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापावयास घेतला आणि मुलांना फ्रेंचही नीट शिकवावी असे त्यात सुचविले. ग्रंथ त्याने फ्रेंचमध्ये लिहिला खरा, पण तेव्हा त्याचे वय पासष्टीचे होते आणि तोवरची त्याची लेखणी लॅटिनमध्येच चाललेली होती.

१७७३ मध्ये राजाच्या विद्यालयात फ्रेंच साहित्याचे एक पद निर्माण झाले, हे नोंदवले पाहिजे. पुढे क्रांती झाली, १७९३ मध्ये जुनी विद्यापीठे बंद पडली, नेपोलियनने नवी शिक्षणव्यवस्था उभारली. तिच्या तपशिलात शिरण्याचे आज कारण नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना आम्हांला थोडा संकोच होतो, कारण आम्हीही एका व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरूनच बोलत आहोत. १८२७ ते १८३० या वर्षांत सोरबोनमध्ये व्हिलमँ हा फ्रेंच साहित्यावर व्याख्याने देत असे. दार सर्वांना उघडे. गावातले वकील, व्यापारी, सरकारी नोकर, रिकामटेकडे असे सगळे येत. गर्दी लोटे, टाळ्यांचा कडकडाट होई, आणि लघुलेखक ते भाषण उतरवून घेऊन छापीत. याहून अधिक भाग्य वक्त्याला काय हवे? परंतु विद्यार्थी म्हणावा असा मनुष्य त्या गर्दीत फार थोडा. ग्रंथ हाती घेऊन, एकेक ओळ उलगडून, ‘हा शब्द येथे असाच का?’ असे विचारणारे तेथे कोणी नव्हते. वक्तृत्व होते, अभ्यास नव्हता. पुढे कित्येक दशके फ्रान्समधील साहित्यविभागांची तऱ्हा साधारण अशीच राहिली.

खरा अभ्यास फ्रेंचकडे आला तो दूरच्या वाटेने, आणि त्या वाटेवरचे एक ठाणे आपले आहे. कोलेज द फ्रान्समध्ये संस्कृतचे अध्यासन १८१४ साली स्थापन झाले व त्यावर शेझी याची नेमणूक झाली. जुन्या फ्रेंच भाषेचे व साहित्याचे अध्यासन तेथे केव्हा झाले? १८५३ साली! म्हणजे कालिदासाची भाषा त्या विद्यामंदिरात मध्ययुगीन फ्रेंचच्या एकोणचाळीस वर्षे आधी पोचली. हा केवळ योगायोग नव्हे. फ्रान्झ बॉप हा जर्मन तरुण पॅरिसला येऊन संस्कृत पोथ्या वाचीत बसला आणि १८१६ मध्ये त्याने संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मन यांच्या क्रियापदांची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. भाषा कशा बदलतात याचे शास्त्र तेथून उभे राहिले. तेच शास्त्र बॉन येथील फ्रीडरिख डीत्स याने लॅटिनच्या लेकींना, म्हणजे इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच इत्यादी भाषांना लावले. त्याचे व्याकरण १८३६ पासून निघू लागले. फ्रेंच भाषा कोठून आली हे जगाला पद्धतशीरपणे सांगितले ते एका जर्मनाने.

१८५३ चे ते अध्यासन पॉलँ पारी या ग्रंथपालाला मिळाले. जुन्या पोथ्यांत आयुष्य घालवलेला हा गृहस्थ मनाने मोठा असला पाहिजे, कारण १८५६ मध्ये त्याने आपला सतरा वर्षांचा मुलगा गास्तों याला शिकावयास पाठवले ते बॉनला, डीत्सकडे. फ्रेंच भाषेचा इतिहास शिकण्यासाठी फ्रेंच मुलाने ऱ्हाईनच्या काठी जावे! त्यावेळी त्याला जर्मन भाषाही धड येत नव्हती. तेथून तो जे घेऊन आला ती पद्धत. ती कशी, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. आपण संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’, मराठी ‘हात’ अशी साखळी लावतो. ‘कर्म’, ‘कम्म’, ‘काम’ हीही तशीच. ही लहर नव्हे, नियम आहे. तसाच नियम तिकडे सापडला. लॅटिनमधल्या शब्दारंभीच्या ‘का’चा फ्रेंचमध्ये ‘श’ होतो : कान्तारे म्हणजे गाणे, त्याचे शाँते, काबाल्लुस म्हणजे घोडा, त्याचे शव्हाल. आणि जसे आपल्याकडे तद्भव व तत्सम शेजारीशेजारी नांदतात, तसे तिकडेही. लॅटिन ‘होस्पिताले’ हा शब्द लोकांच्या तोंडी झिजत झिजत ‘ओतेल’ झाला, आणि तोच शब्द पंडितांनी पुन्हा उचलला तेव्हा ‘ओपिताल’ झाला. इंग्रजीच्या मार्गाने दोघेही आपल्या गावात येऊन पोचले आहेत : एक हॉटेल, दुसरे हॉस्पिटल.

गास्तों पारी परत आला, आणि १८६८ मध्ये व्हिक्तोर द्युर्वी या मंत्र्याने सोरबोनच्या इमारतीतच ‘उच्च अध्ययनांची व्यवहारशाळा’ काढली तेव्हा तो तेथे शिकवू लागला. येथे व्यासपीठ नव्हते, टाळ्या नव्हत्या. एक टेबल, भोवती चारसहा विद्यार्थी आणि मध्ये पोथीची नक्कल.

नंतर युद्ध आले. १९ सप्टेंबर १८७० पासून पॅरिसला जर्मन फौजांचा वेढा पडला. लोक घोड्याचे मांस खाऊ लागले होते. टपाल जाई ते फुग्यांतून. अशा स्थितीत ८ डिसेंबर १८७० रोजी कोलेज द फ्रान्समध्ये एकतीस वर्षांचा गास्तों पारी व्याख्यानाला उभा राहिला. विषय होता ‘रोलाँचे गीत आणि फ्रेंच राष्ट्रीयत्व’. इ. स. ७७८ मध्ये पिरेनीज पर्वताच्या खिंडीत शार्लमेनच्या पिछाडीच्या तुकडीची कत्तल झाली, तिच्यावर सुमारे ११०० च्या आसपास रचलेले, चार हजार ओळींचे हे काव्य. पराभवाचे काव्य, आणि ऐकणारे वेढ्यात अडकलेले! श्रोत्यांची छाती भरून यावी असे भाषण करणे किती सोपे होते! पारीनेही देशप्रेम लपवले नाही. परंतु त्याने आरंभीच स्पष्ट सांगितले, की विद्येचे साध्य सत्य हेच एक. त्या सत्याचा परिणाम आपल्या देशाला गोड होईल की कडू, हे पाहून जो ते कमीजास्त करील, त्याला विद्येच्या प्रयोगशाळेत जागा नाही. ज्यांच्या तोफा वेशीवर होत्या, त्यांच्याच देशात तो हे शिकला होता, आणि हे ऋण नाकारण्यास तो तयार नव्हता. त्या गीताची सर्वांत जुनी पोथीदेखील फ्रान्समध्ये नाही. ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे, आणि तिच्यावरून ते काव्य प्रथम छापले गेले १८३७ मध्ये. राष्ट्राचे आद्य काव्य इंग्लंडात, भाषेचा इतिहास जर्मनीत! त्या सभागृहातील किती श्रोत्यांना हे पचले असेल?

पुढे जे झाले ते सगळे निर्मळ ज्ञानलालसेने झाले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पराभवाची बोच होती. जर्मनांच्या हातून आपली भाषा सोडवून आणावी ही ईर्ष्या होती. १८७२ मध्ये पॉल मेयर याच्यासह पारीने ‘रोमानिया’ हे नियतकालिक काढले. त्याच वर्षी संत आलेक्सी याच्या जुन्या चरित्रकाव्याची त्याने सिद्ध केलेली संहिता बाहेर आली. वेगवेगळ्या पोथ्यांत एकच चूक आढळली तर त्या पोथ्या एकाच मुळावरून उतरलेल्या, या तर्काने त्याने पोथ्यांची वंशावळ लावली आणि मूळ पाठ शोधला. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती श्रद्धेने आणि जाणकारीने; येथे तेच काम तर्काच्या काट्यावर तोलून केले होते. दोन्ही कामांबद्दल आम्हांला सारखाच आदर आहे.

सोरबोनमध्ये ‘फ्रेंच भाषेचा इतिहास’ या विषयाचे अध्यासन फेर्दिनाँ ब्र्यूनो याला मिळाले ते १९०० साली. विसावे शतक उजाडावे लागले! साहित्याच्या बाजूला गुस्ताव्ह लान्सों याने टाळ्यांची व्याख्याने मागे सारून एकेका उताऱ्याचे बारकाईने विवरण करण्याची रीत रुजवली. तरीही १९०३ पर्यंत डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याला दोन प्रबंध लिहावे लागत, आणि त्यांतील एक लॅटिनमध्येच! मग तुमचा विषय मोलिएर असो की व्हिक्टर ह्युगो. शिक्षकांच्या वरिष्ठ स्पर्धापरीक्षेत आधुनिक साहित्याची वेगळी शाखा निघाली ती तर १९५९ मध्ये. राब्लेचा तो लिमूझँचा विद्यार्थी इतकी शतके जिवंत होता.

ही परक्या देशाची कथा आम्ही येथे का सांगितली, असे कोणी विचारील. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि थोड्याच वर्षांत तेथील वरच्या परीक्षांतून मराठी हद्दपार झाली. तिला परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. त्याच रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली होती. विद्यापीठाचे दार बंद असताना मराठी बोलली गेली ती अशाच व्यासपीठांवरून.

आणि पॅरिसच्या ज्या व्यवहारशाळेत टेबलाभोवती बसून गास्तों पारी जुनी फ्रेंच शिकवीत होता, त्याच शाळेच्या ग्रंथमालेत, जिच्यात संत आलेक्सीचे काव्य निघाले होते, १९२० साली एक जाडजूड पुस्तक बाहेर पडले. लेखक ज्यूल ब्लॉक; विषय मराठी भाषेची घडण. उच्चार, रूपे, वाक्य अशा क्रमाने मराठीचा इतिहास त्यात लावलेला आहे. १९४१ मध्ये डॉ. वा. गो. परांजपे यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने ते मराठीत आणले. मूळ ग्रंथाच्या शेवटी मराठी शब्दांची एक लांबलचक व्युत्पत्तिसूची आहे. आपल्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत जे शब्द उच्चारले जातात, त्यांतले कित्येक तिथे, फ्रेंच टिपांसह, ओळीने लावलेले सापडतात.