नाव बदलण्याआधीचा फोटो

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत एक रीत आजही पाळली जाते. लग्नाच्या काही आठवडे आधी नवरी मुलगी लग्नातला पांढरा पोशाख घालते, हातात फुलं धरते आणि एकटीच फोटो काढून घेते. नवऱ्या मुलाला तो लग्नापूर्वी दाखवायचा नाही. त्यानं तिला त्या पोशाखात आधी पाहणं अशुभ! आपला अंतरपाट काही मिनिटांचा, त्यांचा काही आठवड्यांचा. लग्नाच्या मेजवानीत मात्र हाच फोटो मोठा करून, चौकटीत बसवून सर्वांसमोर मांडतात.

ही रीत रुजली कशी? मला वाटतं, श्रद्धेपेक्षा कॅमेऱ्याच्या आणि छापखान्याच्या अडचणींनी ती अधिक रुजवली.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगापुढे आली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. त्या लग्नाचा एकही फोटो नाही. पुष्कळदा ‘राणीच्या लग्नाचा’ म्हणून दाखवतात तो रॉजर फेंटननं १८५४ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, काढलेला! पुढेही बराच काळ चांगला फोटो हवा तर काचेच्या छताचा स्टुडिओच गाठावा लागे. चर्चमधल्या अंधुक उजेडात कॅमेऱ्याचं काही चालत नसे. १८८७ मध्ये मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आली, पण तिचा भडका आणि धूर लग्नविधीत कोण खपवून घेणार? फ्लॅशचा बल्ब यायला १९३० च्या आसपासचा काळ उजाडला.

पण मग स्टुडिओत लग्नानंतर का जाऊ नये? तसं जाणारेही पुष्कळ होते. आधीची घाई होती ती वृत्तपत्रांमुळे. फोटो छापायचा तर त्याचा धातूचा ब्लॉक करावा लागे, त्याला वेळ लागे. आणि लग्नाची बातमी तर लगेचच्या अंकात हवी. म्हणून फोटो कचेरीत आधीच पोचवायचा. १८६८ मध्ये बाल्टिमोरला सुरू झालेल्या बॅकरॅक स्टुडिओनं अशा वधूचित्रांत मोठं नाव कमावलं. शिवाय पोशाख कुठे आवळतो, कुठे लोंबतो हेही त्या निमित्तानं कळे आणि शिंपिणीला दुरुस्तीला सवड मिळे.

हा मान सगळ्यांना नव्हता. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या बहुतेक वृत्तपत्रांत कृष्णवर्णीय वधूंना नागरी हक्कांच्या चळवळीपर्यंत जागा नव्हती. त्यांची लग्नं ‘शिकागो डिफेंडर’सारख्या, कृष्णवर्णीयांनी स्वतः चालवलेल्या वृत्तपत्रांत छापून येत.

आता संगणकावर पाहता येणारी ही जुनी पानं चाळताना मी चेहऱ्यांपेक्षा खालच्या ओळीपाशी अधिक थबकतो. फोटो काढला तेव्हा ती कुमारी होती, वडिलांचं आडनाव लावत होती. नवरा चित्रात नाहीच. पण छापून येताना खाली नाव येई ‘मिसेस जॉन स्मिथ’ अशा धर्तीचं. आडनावच नव्हे, पहिलं नावसुद्धा नवऱ्याचं! तिचं स्वतःचं नाव मजकुरात कुठेतरी, ‘पूर्वाश्रमीची कुमारी अमुक’ एवढ्यापुरतं. अर्थात आपण हसायला नको. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहून आपल्याकडेही मुलीचं पहिलं नाव बदलत आणि काही घरांत अजूनही बदलतात.

अमेरिकेत हे सावकाश सुटत गेलं. विवाहित की अविवाहित हे न सांगणारं ‘मिझ’ हे संबोधन ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं स्वीकारलं ते १९८६ मध्ये. पण जुने अंक तसेच आहेत. आपल्या आजीचा तो फोटो शोधणाऱ्या नातीला आजीच्या नावानं शोधून पुष्कळदा काही सापडत नाही. आजोबांचं नाव टाकलं की पांढऱ्या पोशाखातली, एकटी उभी असलेली आजी समोर येते.