शिवाजी विद्यापीठाचा पाया आणि बोर्डिंगचा विसरलेला इतिहास

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की कसबा बावड्यातल्या आमच्या अभ्यासिकेत मुलामुलींची गर्दी होते. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगडकडची ही लेकरं. कोणता विषय घ्यावा, हे विचारायला फार कमी जण येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "दादा, प्रवेश मिळाला, पण राहायचं कुठं?" मागे आमच्या वस्तीतल्या एका कुटुंबाच्या नात्यातली मुलगी पदव्युत्तर वर्गाला लागली. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव आलं नाही. चार महिने एसटीने ये-जा केली आणि पाचव्या महिन्यात शिक्षण सोडलं. कुणीतरी म्हणालं, "हॉस्टेल तर सगळ्यांना ओपन होतं, नंबर लागला नाही त्याला कोण काय करणार?"

या 'सगळ्यांना ओपन' शब्दाचा इतिहास आपल्या कोल्हापुरातच आहे. तो माहीत असल्याशिवाय आपल्या विद्यापीठाचाही इतिहास कळत नाही, असं आमचं मत आहे.

सरकारी इतिहास सोपा आहे. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी असा विस्तीर्ण भाग, 34 महाविद्यालयं आणि सुमारे 14 हजार विद्यार्थी. त्याआधी इथली महाविद्यालयं 1949 साली निघालेल्या पुणे विद्यापीठाकडे होती. पुढे कोकण मुंबई विद्यापीठाकडे गेलं, 2004 साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. आज कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे उरले, तरी महाविद्यालयं अडीचशेच्या वर आहेत.

हे सगळं खरं आहे. पण 1962 साली या भागात शेतकऱ्याची, कारागिराची, महार-मांग-चांभाराची मुलं पदवीच्या वर्गापर्यंत आली कशी? ती आभाळातून पडली काय?

त्यासाठी 1896 मध्ये जावं लागतं. बावड्याच्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये 26 जून 1874 रोजी जन्मलेले शाहू महाराज 1894 साली गादीवर आले. तेव्हा संस्थानच्या 71 प्रमुख जागांपैकी 60 जागा एका ब्राह्मण जातीकडे होत्या. दोन वर्षांनी कोल्हापुरात सर्व जातींसाठी म्हणून एक वसतिगृह निघालं. नियमात कुणालाच बंदी नव्हती. पण ते प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांनीच भरून गेलं. दार उघडं होतं, तरी आत एकाच जातीची मुलं होती.

मित्रांनो, महाराजांचं मोठेपण इथं आहे. दार उघडलं म्हणजे काम झालं, असं त्यांनी मानलं नाही. 1901 साली मराठा आणि जैन वसतिगृहं, 1906 साली मुस्लिम बोर्डिंग, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आणि पुढे एकेका समाजासाठी अशी वसतिगृहांची रांगच उभी राहिली. 26 जुलै 1902 रोजी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखल्या. 1917 साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केलं. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला.

इथं आमचे काही विद्वान मित्र आक्षेप घेतात, की जातवार वसतिगृहांनी जातीयवाद वाढवला. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे : 1896 चं सर्वांसाठीचं वसतिगृह कोणी एकजातीय केलं? ज्याला गावात कोणी पाणी देत नाही, भाड्याने खोली देत नाही, त्याला आधी हक्काचा कोपरा लागतो. तिथे टिकला तरच तो पुढे एका बाकावर बसतो. म्हणून 1908 ची वेगळी बोर्डिंग आणि 1919 ची एकत्र शाळा यांत विरोध नाही. पहिल्या पायरीशिवाय दुसरी चढता येत नाही.

ही परंपरा शाहूंबरोबर संपली नाही. महाराजांच्याच मदतीने 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला आणि मार्च 1920 मध्ये माणगाव परिषदेत महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वावर शिक्कामोर्तब केलं. कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग चालवलं. 1944 साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेल्या बाबासाहेबांच्या प्रयत्नाने. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांच्या सवलतींवर गदा आली. महाराष्ट्राने त्या 1960 साली दिल्या, केंद्राने मात्र थेट 1990 साली. त्या मधल्या काळात शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना विचारा, एका दाखल्याची किंमत काय असते.

म्हणजे 1962 चं विद्यापीठ हे या इमारतीचं छप्पर आहे. भिंती बोर्डिंगच्या, शिष्यवृत्तीच्या आणि राखीव जागांच्या आहेत. आणि बाबासाहेबांचं या भूमीशी नातं फक्त बिंदू चौकातल्या 1950 च्या पुतळ्यापुरतं नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्या साताऱ्यात त्यांचं नाव शाळेत घातलं, तो जिल्हा याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो.

मग भिंती कधी खचू लागल्या? आमच्या मते 1983 पासून. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे ग्रामीण मुलांना कर्नाटकात जावं लागलं नाही, जागा वाढल्या, हे आम्ही नाकारत नाही. पण शिक्षण हा राज्याचा खर्च होता, तो पालकाचा खर्च झाला. आमच्या बावड्यात आज अभियंते आणि डॉक्टर घडतात, पण बावड्यातल्या शेतमजुराच्या मुलाला त्या फाटकातून आत जायला शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर व्हावा लागतो. अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा रिकामी राहते आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक वर्षानुवर्षं वर्ग सांभाळतो. कायम जागा भरलीच नाही, तर बिंदुनामावलीतला आमचा बिंदू कागदावरच राहतो.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. योजना चांगली आहे. पण ती असणं हीच कबुली आहे, की वसतिगृहं पुरत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाने जे केलं, ते महाराष्ट्रासारख्या राज्याला जमत नाही काय? की करायचं नाही?

थोडं आपल्याबद्दलही बोलू. 14 एप्रिलला आपण डीजे लावतो, 26 जूनला हार घालतो. पण विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक आली की आपल्यातल्या किती पदवीधरांनी नाव नोंदवलेलं असतं? 2016 च्या कायद्याने नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागा निवडून द्यायच्या असतात. त्यांत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा राखीव आहे. 1927 साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला होता : गरिबाच्या दारापर्यंत उच्च शिक्षण नेणं हे विद्यापीठाचं मूळ काम आहे, आणि ते व्हायचं तर विद्यापीठाच्या कारभारात मागासलेल्या वर्गाची माणसं हवीत. त्यांनी ज्या खुर्चीसाठी भांडण केलं, ती आज कायद्याने मिळाली आहे आणि आपण मतदार यादीतसुद्धा नाही!

म्हणून आमचं सांगणं तीनच गोष्टींचं आहे. पदवी मिळाली असेल तर पदवीधर म्हणून नाव नोंदवा. आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहात मंजूर जागा किती, भरलेल्या किती आणि नाकारलेले अर्ज किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आणि स्वाधारचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना अडणाऱ्या एका तरी विद्यार्थ्याजवळ बसा.

पाचव्या महिन्यात शिक्षण सोडलेल्या त्या मुलीला आम्ही पुन्हा प्रवेश घ्यायला लावलं आहे. बावड्यातच एका घरी तिची राहण्याची सोय झाली. पण ही सोय एकीची झाली, आणि यादीत नाव न आलेल्या मुली पुढच्या जूनमध्ये पुन्हा येणार आहेत. सर्वांना 'ओपन' असलेलं 1896 चं ते वसतिगृह आपल्या विद्यापीठाच्या रूपाने परत उभं राहू द्यायचं नसेल, तर जूनच्या आधी कामाला लागा.

जय शाहू! जय भीम!