तिकीट कोणाच्या खिशातून?

आज जाऊ २००७ सालच्या अमेरिकेत. खेळण्यांसाठी ते वाईट वर्ष. रंगात शिसं सापडलं म्हणून मॅटेलनं ऑगस्टमध्ये लाखो खेळणी परत मागवली. यावर लक्ष ठेवायचं काम ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचं. १९८० मध्ये तिथे ९०० हून जास्त माणसं होती, २००७ मध्ये ४०० च्या आसपास उरलेली.

नोव्हेंबरात वॉशिंग्टन पोस्टनं छापलं की आयोगाच्या प्रमुख नॅन्सी नॉर्ड आणि त्यांच्या आधीचे हॅल स्ट्रॅटन यांनी २००२ पासून जवळपास ३० दौरे उद्योगांच्या पैशांवर केले. त्यातला एक, २००४ चा चीन-हाँगकाँग दौरा, फटाके उद्योगाच्या संस्थेच्या खर्चानं. आणि फटाक्यांचे नियम करतं कोण? हाच आयोग!

गंमत म्हणजे १९८९ च्या कायद्यानं बाहेरून प्रवासखर्च घ्यायला वाट ठेवलेली होती. दौरे आधी तपासले होते, असं आयोगाचं म्हणणं.

मला त्यांची अडचण कळते. कारखाना न बघता नियम लिहिणं म्हणजे युजरला न भेटता सॉफ्टवेअर लिहिणं. पण इथे लाच लागतच नाही हो. तिकीट काढणाराच ठरवतो कुठला कारखाना दाखवायचा, जेवताना शेजारी कोण बसणार. ज्या आईच्या बाळानं ते खेळणं चाटलं, ती कुठून तिकीट काढणार?

ऑगस्ट २००८ च्या नव्या कायद्यात कलम २०६ आलं. उद्योगाच्या पैशानं प्रवास बंद. शिवाय, मला हे जास्त आवडलं, आयोगाच्या स्वतःच्या प्रवासासाठी २०१० सालासाठी १२ लाख डॉलरची तरतूद त्याच कायद्यात केली. नुसती बंदी घातली असती तर साहेब लोक ऑफिसातच बसून राहिले असते.