दारिद्र्याचें मोजमाप

कापड गजानें मोजतां येतें, धान्य मापानें मोजतां येतें. पण समाजांतील दारिद्र्य कशानें मोजावयाचें? लोक गरीब आहेत, असें म्हणणें सोपें आहे. किती लोक आणि किती गरीब, हें सांगावयाचें म्हटलें कीं गरिबी म्हणजे काय, हें प्रथम ठरवावें लागतें. समाजशास्त्रीय संशोधनांत विचार आधीं येतो व माप मागाहून. आपल्या देशांत दारिद्र्याची मोजणी कशी होत गेली, तो इतिहास पाहिला म्हणजे या क्रमाचें महत्त्व ध्यानांत येतें.

आरंभ दादाभाई नौरोजींपासून करावयास हवा. दादाभाई हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट येथें विसरतां कामा नये. इंग्रजी अमलाखालीं हिंदुस्थान समृद्ध होत आहे, असें सरकारी अधिकारी सांगत आणि वाढत्या व्यापाराकडे बोट दाखवीत. १८७६ सालीं ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढें दादाभाईंनीं हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यांत त्यांनीं निराळाच प्रश्न विचारला: देशांत वर्षाकाठीं एकंदर उत्पन्न किती होतें, आणि तें माणशीं किती पडतें? सरकारच्याच अहवालांतून आंकडे घेऊन त्यांनीं १८६७ ते १८७० या काळासाठीं हें उत्पन्न दरसाल दरडोई २० रुपये ठरविलें.

हें करतांना त्यांस सरकारी हिशेबांतील एक ठळक दोष दिसला. निरनिराळ्या जिल्ह्यांचे एकरी उत्पन्नाचे दर घ्यावयाचे, त्यांची बेरीज करून जिल्ह्यांच्या संख्येनें भागावयाचें आणि आलेल्या अंकास प्रांताची सरासरी म्हणावयाचें, अशी रीत कित्येक ठिकाणीं होती. आपण एक उदाहरण घेऊं. एका जिल्ह्यांत एक लाख एकरांत एकरी १० मण पिकतें, दुसऱ्यांत नऊ लाख एकरांत एकरी ६ मण पिकतें. वरील रीतीनें सरासरी येते ८ मण, आणि एकंदर पीक ८० लाख मण. प्रत्यक्षांत धान्य असतें ६४ लाख मण. उरलेले १६ लाख मण केवळ कागदावर पिकलेले! बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. चुकला तो विचार.

पण २० रुपये हे थोडे कीं पुष्कळ? त्यासाठीं तुलनेस कांहीं तरी हवें. दादाभाईंनीं तुरुंगांतील कैद्यांच्या अन्नवस्त्राचा खर्च घेतला. परमुलखीं जाणाऱ्या मजुरांना जहाजावर स्वस्थ बसून असतांना किती शिधा लागतो, याचें सरकारी डॉक्टरनें केलेलें टिपणही घेतलें. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. कैद्यास जगविण्यास इतकें लागतें, हें सरकारच मान्य करतें. मग प्रामाणिकपणें कष्ट करणाऱ्या रयतेच्या वांट्यास तितकेंही येत नसेल, तर त्यास समृद्धि कसें म्हणावें? पुढें १८८२ सालीं सरकारी हिशेबानें २७ रुपयांचा आंकडा निघाला आणि १९०१ सालीं लॉर्ड कर्झननें ३० रुपये सांगितले. आंकड्यांविषयीं मतभेद राहिला. पण सरकारला आतां दादाभाईंनीं घातलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देणें भाग पडलें.

सरासरींत मात्र सावकाराचें उत्पन्न व मजुराचें उत्पन्न एकत्र मिसळून जातें. गरीब माणसें किती, हें तिच्यावरून कळत नाहीं. १९५० सालीं राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हां घरोघरच्या खर्चाची माहिती मिळूं लागली. तिच्या आधारें पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालीं आपला सुप्रसिद्ध अभ्यास मांडला. दररोज माणशीं २,२५० उष्मांक देणारें अन्न ज्या खर्चाच्या पायरीवर मिळूं शकतें, ती त्यांनीं दारिद्र्याची रेषा मानली. १९६०-६१ च्या किमतींनीं ती खेड्यांत दरमहा १५ रुपये व शहरांत साडेबावीस रुपये येत होती. त्या वर्षीं ग्रामीण जनतेपैकीं सुमारें ४० टक्के व शहरी जनतेपैकीं सुमारें ५० टक्के लोक रेषेखालीं होते.

या मापावर आक्षेप आला तोही पुण्यांतूनच. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे हे रोमच्या जागतिक अन्न व शेती संघटनेंतील सेवेनंतर पुण्यास येऊन राहिले होते. त्यांचें म्हणणें असें कीं, २,२५० ही गरजेची सरासरी आहे. एकाच निरोगी माणसाचें खाणें आठवड्या-आठवड्याला कमीअधिक होतें, तरी त्याचें वजन व काम कायम राहतें. सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी समजला, तर धडधाकट माणसेंही उपाशांत मोजलीं जातील. यावर दांडेकरांचें उत्तर होतें कीं, दारिद्र्य आणि कुपोषण या दोन गोष्टी एक नव्हेत. उष्मांक हा रुपयांतील रेषा ठरविण्याचा केवळ आधार. पोट कसेंबसें भरलें म्हणून माणूस गरिबींतून सुटला, असें होत नाहीं.

हा वाद दोन विद्वानांच्या मानापमानाचा नव्हता. एक शरीराची गरज मोजीत होते, दुसरे जगण्याची पातळी. दोघांचें गणित पक्कें होतें; प्रश्न वेगळे होते, म्हणून माणसांची संख्या वेगळी येत होती.

आणि त्या संख्येवर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. १९९७ पासून स्वस्त धान्यांतील राज्याराज्यांचा वांटा दारिद्र्याच्या अशाच अंदाजांवरून ठरूं लागला. २००९ सालीं प्रा. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीनें उष्मांकांचा आधार सोडून, शिक्षण व औषधपाणी यांचा खर्च ध्यानांत घेऊन नवी रेषा आंखली. जुन्या पद्धतीनें २००४-०५ सालीं देशांत २७.५ टक्के लोक गरीब होते. नव्या पद्धतीनें त्याच वर्षीं ते ३७.२ टक्के झाले. अंतर दहा कोटींहून अधिक माणसांचें! तीं माणसें एका रात्रींत गरीब झालीं नव्हतीं. तीं होतीं तशीच होतीं. त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टि बदलली.

यावरून आंकडे खोटे असतात, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. आंकड्यांवांचून दादाभाईंचें म्हणणें सरकारनें एका दयाळू गृहस्थाची तक्रार म्हणून बाजूस सारलें असतें. मात्र वर्तमानपत्रांत दारिद्र्य इतके टक्के घटलें वा वाढलें, असें वाचनांत येईल, तेव्हां सुशिक्षित वाचकानें तीन गोष्टी विचाराव्या: गरीब कोणास म्हटलें आहे, माहिती कोणाकडून व कशी घेतली आहे, आणि तुलना कशाशीं केली आहे. या तिहींचीं उत्तरें मिळालीं, तरच त्या टक्क्यांमागचीं माणसें आपणांस दिसूं लागतील.