कैसराचा काप्री आणि पुब्ल्याचे घर

भूमध्य समुद्रातील बेटांच्या सहलींच्या जाहिराती आता मराठी वर्तमानपत्रांतूनही झळकत असतात. निळे पाणी, स्वच्छ ऊन, खडकावर बांधलेला पांढरा बंगला आणि खिडकीतून दिसणारी गलबते. ही कल्पना नवी आहे असे कोणी समजू नये. समुद्रकाठच्या व्हिलात जाऊन हवापालट करण्याची चाल रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच पाडली होती. ह्या चालीतील सर्वांत प्रसिद्ध पाहुण्याचे नाव तर आपल्या शुभवर्तमानात आलेले आहे. संत लूक तिसऱ्या अध्यायात योहान बाप्तिस्त्याच्या कार्याचा काळ सांगताना ज्याच्या कारकिर्दीचे पंधरावे वर्ष मोजतो, तोच हा तिबिर्य कैसर.

'व्हिला' ह्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ बंगला नव्हे, तर शेतावरचा वाडा. त्यात धान्याची कोठारे, तेलाचे घाणे, गुरांचे गोठे आणि गुलामांच्या खोल्या असत. पुढे श्रीमंतांनी नेपल्सच्या आखाताभोवती केवळ विसाव्यासाठी व्हिला बांधले. ह्या विसाव्याला ते 'ओतियुम' म्हणत आणि कामाला 'नेगोतियुम', म्हणजे विसावा नसणे! कामाचे नावच ज्यांनी विश्रांतीवरून पाडले, त्यांची कामे कोण करीत होते, हे विचारायलाच हवे. पौलाच्याच काळात शेतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या कोलुमेल्लाने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. व्हिलात बेड्या घातलेल्या गुलामांसाठी जमिनीखाली कोठडी असावी, तिला अरुंद खिडक्या असाव्यात आणि त्या हात पोहोचणार नाही इतक्या उंच असाव्यात, असे तो गोठ्याची मापे सांगावीत तितक्या सहजतेने सांगतो.

काप्रीचे बेट कैसरांच्या घराण्यात आणले ते औगुस्त कैसराने. त्याने इ. स. पूर्व २९ मध्ये नेपल्सकरांना इस्किया हे मोठे बेट दिले आणि त्याच्या बदल्यात हे छोटे बेट घेतले. इ. स. १४ मध्ये मरणापूर्वी त्याने येथे चार दिवस आनंदात घालविले. त्याचा वारस तिबिर्य मात्र चार दिवसांसाठी आला नव्हता. इ. स. २६ मध्ये त्याने रोम सोडले, पुढच्या वर्षी तो काप्रीवर स्थिरावला आणि इ. स. ३७ मध्ये मरेपर्यंत पुन्हा रोम नगरात गेला नाही. बेटावर त्याचे बारा व्हिला होते असे इतिहासकार ताकितुस लिहितो. त्यांतील 'व्हिला योविस' सर्वांत मोठा. पूर्वेकडच्या कड्यावर, समुद्रापासून हजार फुटांहून अधिक उंचीवर त्याचे अवशेष आजही उभे आहेत. १९३२ ते १९३५ ह्या काळात अमेदेओ माइयुरी ह्या पुरातत्त्वज्ञाने ते मोकळे केले.

ह्या वाड्याच्या पोटात काय आहे हे प्रवरेकाठच्या आपल्या कोल्हारकरांनी जरूर ऐकावे. मधोमध आहेत त्या पाण्याच्या प्रचंड टाक्या. त्या कड्यावर झरा नाही, विहीर नाही. छपरांवर पडलेले पावसाचे पाणी साठवायचे आणि तेच स्नानगृहापासून मुदपाकखान्यापर्यंत पुरवायचे. राजसदन, स्नानगृहे, सेवकांच्या खोल्या, सारे काही ह्या टाक्यांच्या चहूबाजूंनी रचलेले आहे. जगाच्या धन्यालाही पावसाची वाट पाहावी लागत होती, हे वाचून दुष्काळ पाहिलेल्या माणसाला थोडी गंमत वाटल्यावाचून राहणार नाही.

सुएतोनियुसने काप्रीवरील कैसराच्या दुराचारांची लांबलचक जंत्री दिली आहे. ती त्याने तिबिर्याच्या मृत्यूनंतर ऐंशीएक वर्षांनी लिहिली आणि राजवाड्यातील कुजबुज त्यात बरीच मिसळली असावी. म्हणून ती जशीच्या तशी खरी मानण्यास मी तयार नाही. परंतु एक कथा चटका लावून जाते. एक कोळी मोठा मासा भेट देण्यासाठी मागच्या बाजूचा कडा चढून एकाएकी कैसरापुढे उभा राहिला. एकांतात कोणी तरी पोहोचले ह्या भयाने कैसराने तोच मासा त्याच्या तोंडावर घासविला. बरे झाले, मोठा खेकडा आणला नाही, असे तो बिचारा म्हणाला, तेव्हा खेकडाही आणवून त्याचा चेहरा फाडविला. कथा खरी असो वा नसो, त्या व्हिलाची लोकांच्या मनातील प्रतिमा हीच होती. तेथे पाहुणा म्हणजे संकट.

आणि ह्याच वर्षांत तारणाचा इतिहास घडत होता. कैसराने रोम सोडले त्याच सुमारास पंतय पिलात यहूदीयात सुभेदार म्हणून आला. येशूला सोडलेस तर तू कैसराचा मित्र नव्हेस, ही धमकी त्याने ऐकली तेव्हा तो कैसर यरुशलेमहून शेकडो कोस दूर, काप्रीच्या कड्यावर बसून पत्रांनी राज्य चालवीत होता. एका पत्राने त्याने आपला सर्वाधिकारी सेयानुस ह्याला इ. स. ३१ मध्ये मृत्यूच्या दारी पोहोचविले. हेरोद अग्रिप्पाही काप्रीवर पाहुणा म्हणून आला होता आणि पुढे एका अविचारी वाक्यापायी तिबिर्याच्या कैदेत पडला. सुटून राजा झाल्यावर प्रेषित याकोबाचा तलवारीने वध करविणारा तो हाच.

आता दुसरे बेट पाहू. इ. स. ६० च्या सुमारास दोनशे शहात्तर माणसांचे एक गलबत चौदा रात्री वादळात सापडून मिलिता, म्हणजे माल्टा बेटावर फुटले. (काही अभ्यासक एड्रियाटिकमधील दुसरे बेट सुचवितात. बहुमत माल्टाच्याच बाजूचे आहे.) पाऊस, थंडी आणि भिजलेले कैदी! बेटावरच्या लोकांनी कोण, कुठले, कैदी की शिपाई हे न विचारता आधी शेकोटी पेटविली. त्या शेकोटीसाठी काटक्या गोळा करणाऱ्यांत पौलही होता. नंतर बेटाचा मुख्य पुब्ल्य ह्याने आपल्या जमिनीवर नेऊन त्यांचा तीन दिवस प्रेमाने पाहुणचार केला. 'मुख्य' ही पदवी लूकने मनाने घातलेली नाही. माल्टातील एका शिलालेखातही ती आढळते.

पुब्ल्याचा बाप ताप आणि आमांशाने पडला होता. पौलाने प्रार्थना करून, हात ठेवून त्याला बरे केले. माल्टाचा ताप पुढे जगप्रसिद्ध झाला. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस ह्यांनी त्याचे जंतू शोधले, आणि १९०५ मध्ये माल्टाच्याच थेमिस्टोक्लीस झामिट ह्यांनी तो शेळ्यांतून, न तापविलेल्या दुधावाटे पसरतो हे दाखविले. पुब्ल्याच्या बापाचा ताप तोच होता असे मात्र कोणी ठामपणे म्हणू नये.

बुरमाराद गावाजवळ 'सान पॉल मिल्ही' नावाचे देऊळ आहे. नावाचा अर्थ, जेथे पौलाचे स्वागत झाले. १९६० नंतरच्या दशकात इटालियन पथकाने तेथे उत्खनन केले तेव्हा रोमन व्हिला निघाला, पण रंगमहाल नव्हे, तर जैतुनाचे तेल गाळण्याच्या घाण्यांचा शेतवाडा. ते पुब्ल्याचेच घर असे सिद्ध झालेले नाही. तरी आपल्याकडे गुऱ्हाळ चालते तशा कामाच्या जागी त्या ओल्या माणसांना आसरा मिळाला असावा, ही कल्पना मला संगमरवरी महालापेक्षा अधिक पटते. पुब्ल्याच्याही शेतावर गुलाम राबत असणार, हे विसरून चालणार नाही.

ह्या बेटाशी मुंबईचाही एक संबंध आला. १८७८ मध्ये रशियाशी युद्धाचा रंग दिसताच ब्रिटिश सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैन्य मुंबईहून सुएझमार्गे माल्टाला नेले. त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. लढाई झाली नाही. काही आठवडे बेटावर काढून ते सायप्रसला गेले आणि तेथून परतले.

तीन महिन्यांनंतर पौल अलेक्झांड्रियाच्या गलबतातून निघाला. मिलितावासीयांनी वाटेसाठी लागणारे सारे गलबतात भरून दिले होते. रेगियमहून दक्षिणेचा वारा मिळाला आणि दुसऱ्या दिवशी ते पुत्युलास पोहोचले. ह्या बंदराची वाट काप्री आणि समोरच्या भूशिराच्या मधून जाते. अलेक्झांड्रियाच्या गलबतांनाच तेथून पुढे माथ्याचे शीड उभारून जाण्याची मुभा होती, असे सेनेका लिहितो. तेव्हा साखळीतल्या कैद्याला डोक्यावर, कड्याच्या टोकाशी, व्हिला योविस दिसला असण्याचा संभव मोठा आहे. त्याचा धनी मरून तेवीसएक वर्षे झाली होती. आता त्या अवशेषांच्या माथ्यावर मरियामातेचे एक छोटे देऊळ आहे.

पुत्युलास काही बंधुजन भेटले. त्यांनी पौलाला आग्रहाने सात दिवस ठेवून घेतले. कोणाच्या घरी, हे लूकने लिहिलेले नाही.